आय-८०वरून बिऱ्हाड: न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया, मुलाबाळांसह

अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गाडीने बिऱ्हाड हलवणार असाल, तर हॉटेलं शोधण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही आणि तुमचं सामान एकाच दिवशी पोहोचत नाही. मूव्हर्स सामान पोहोचवण्याची तारीख देत नाहीत, काही दिवसांचा पट्टा देतात. आमचा ट्रक आमच्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला. तोवर रिकाम्या घरात आम्ही नीट राहू शकलो, कारण गाडी सहलीसाठी भरली नव्हती, राहण्यासाठी भरली होती.

आम्ही पाच जण होतो: मी, नवरा, दुसरी संपवलेली मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेल्या सासूबाई. एडिसनहून निघून सॅन होजेला जायचं होतं. मिनीव्हॅनच्या मागच्या भागात हवेच्या गाद्या, चादरी, शॉवरचा पडदा, एक छोटा कुकर, ताटं-वाट्या, स्क्रूड्रायव्हर आणि मुलांची औषधं. पुढच्या सीटखालच्या पिशवीत पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीची सूचना), सासूबाईंच्या आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत, मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, शाळेचे कागद, नव्या घराचा करार आणि दागिने. ही पिशवी ट्रकमध्ये कधीही देऊ नका. कॅलिफोर्नियात शाळेत नाव घालताना लसीकरणाची नोंद मागतात, आणि तेव्हा ती वायोमिंगमधल्या एखाद्या ट्रकमध्ये असून चालत नाही.

मूव्हर्सबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मनस्ताप झाला तर तो इथेच होतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान नेणाऱ्या कंपनीकडे यूएसडॉट क्रमांक असावाच लागतो. तो केंद्रीय वाहतूक खात्याच्या एफएमसीएसए या विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, तक्रारींचा इतिहासही तिथेच दिसतो. अंदाजपत्रक ‘बाइंडिंग’ (रक्कम पक्की) आहे की ‘नॉन-बाइंडिंग’ (रक्कम नंतर बदलू शकते) ते विचारा. नॉन-बाइंडिंग असेल तर सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तिथल्या तिथे मागता येत नाही. उरलेलं बिल नंतर येतं. आणि नुकसानभरपाईचा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचा. फुकट मिळणाऱ्या संरक्षणात भरपाई दर पौंडाला ६० सेंट एवढीच असते. ३० पौंडांचा टीव्ही फुटला तर हातात १८ डॉलर. पूर्ण किमतीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि माझ्या मते ते घ्यावंच.

न्यू जर्सी सोडताना आणखी एक काम असतं. बागेतल्या खुर्च्या, ग्रिल, सायकली यांवर स्पॉटेड लँटर्नफ्लाय आणि स्पाँजी मॉथ या किडींची अंडी चिकटलेली असू शकतात. घराबाहेर ठेवलेल्या वस्तू तपासून, तशी यादी भरून मगच त्या राज्याबाहेर न्यायच्या असतात.

आणि कढीपत्ता. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे लिंबू-संत्र्यांच्या बागा बुडवणाऱ्या रोगाचा प्रसार करणारी कीड त्याच्यावरही वाढते. कॅलिफोर्नियात तो बाहेरून आणू देत नाहीत. आमचं झाड सासूबाईंनी मागच्या खेपेला लावलेलं, कमरेएवढं झालेलं. ते शेजारच्या काकूंकडे दिलं. सासूबाई त्यांना पाण्याचं वेळापत्रक सांगत बसल्या आणि निघायला तासभर उशीर झाला. तो तास मला मुळीच वाया गेला असं वाटत नाही.

आता रस्ता. आय-८० हा महामार्ग न्यू जर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो, साधारण २,९०० मैल. शाळा संपल्यावर जूनअखेरीस निघालो. हिवाळ्यात निघणार असाल तर हा रस्ता विसरा आणि दक्षिणेकडचा आय-४० धरा. वायोमिंगमध्ये वारा आणि बर्फामुळे आय-८० वारंवार बंद होतो.

पश्चिमेकडे जाताना घड्याळ तीनदा एकेक तास मागे जातं. मुलांचं शरीर मात्र जुन्याच वेळेवर असतं, ती पहाटेच उठून बसतात. त्याच्याशी भांडू नका. आम्ही उजाडतानाच निघायचो आणि दुपारी तीन-चारला मुक्कामी पोहोचायचो. मावळतीचा सूर्य सरळ चालकाच्या डोळ्यांवर येतो, तोही त्यामुळे टळतो. शिवाय अंधार पडताना रस्त्यावर येणारी हरणंही. दर दोन तासांनी सगळ्यांनी उतरून चालायचंच, असा नियम सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी केला होता. त्याचा सगळ्यात जास्त फायदा गाडी चालवणाऱ्यांना झाला.

पेनसिल्व्हेनियाची जंगलं, ओहायो आणि इंडियाना आम्ही न रेंगाळता पार केली. डेलावेअर वॉटर गॅपचा पूल, ओहायो टर्नपाइक, इंडियाना टोल रोड आणि इलिनॉय, सगळीकडे ईझी-पास (टोल आपोआप भरणारं गाडीतलं उपकरण) चालतो. इलिनॉयनंतर थेट कॅलिफोर्नियापर्यंत आय-८०वर टोल नाही. शिकागोच्या दक्षिणेकडचा पट्टा गर्दीच्या वेळी गाठू नका, एवढंच.

आयोवात पेट्रोल भरताना नळी उचलण्याआधी पंपावरचं लेबल वाचा. तिथे मक्यापासून केलेल्या इथेनॉलचं प्रमाण वेगवेगळं असतं, आणि ई-८५ हे भरपूर इथेनॉल असलेलं इंधन फक्त त्यासाठीच बनवलेल्या फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी असतं. पुढे वायोमिंग-युटामध्ये ‘रेग्युलर’ म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे मधलं बटण दाबा.

नेब्रास्का कंटाळवाणं, असं सगळे सांगतात. लहान मुलं बरोबर असतील तर नॉर्थ प्लॅटला थांबा, मग तसं वाटणार नाही. तिथे युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड आहे, जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे वर्गीकरण यार्ड, लांबी सुमारे आठ मैल. गोल्डन स्पाइक टॉवरवरून ते सगळं दिसतं आणि वर जायला लिफ्ट आहे. मालगाड्यांचे डबे एका उंचवट्यावर ढकलतात, तिथून ते आपापल्या वजनाने घरंगळत ठरलेल्या रुळावर जातात. धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला तो हलेचना. मुलीने विचारलं, “आजी, यातल्या कुठल्या डब्यात आपलं सामान आहे?” सासूबाई म्हणाल्या, “आपलं ट्रकमध्ये आहे गं, पण असेल कुणाचं तरी.” हाताशी दोन तास ठेवूनच तिथे जा.

इथून पुढे रस्ता बराचसा त्या पहिल्या खंडपार रेल्वेच्या आसपासच राहतो, जिचे दोन भाग १० मे १८६९ रोजी युटात जोडले गेले. मुलीला नकाशावर बोट ठेवून हे दाखवत नेलं, तर गाडीतला स्क्रीन आपोआप बाजूला राहिला.

वायोमिंगला मात्र घाई करू नका. चढ इतका हळू येतो की कळत नाही. शायेन सहा हजार फुटांवर आहे आणि शायेन-लॅरमीच्या मध्ये शर्मन समिट, ८,६४० फूट, आय-८०चा सर्वोच्च बिंदू. घरून आणलेली चिवड्याची पाकिटं तिथवर टम्म फुगली, आणि मुलीला हवेचा दाब समजावायला याहून सोपी संधी मिळाली नसती. इथे पाणी सतत पीत राहा. धाप लागत असेल, रक्तदाब असेल तर ज्येष्ठांच्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वी बोलून घ्या. लॅरमी ते रॉलिन्स उन्हाळ्यातही आडवा वारा गाडी ढकलतो. छतावर सामानाची पेटी बांधलेली नव्हती याचं इथे बरं वाटलं. ट्रेलर ओढत असाल तर सकाळी वायोमिंगच्या ५११ या रस्ते-माहिती सेवेवर वाऱ्याची स्थिती पाहूनच निघा. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम इथपासून रीनोपर्यंत पाळा.

रॉलिन्सच्या पुढे रस्ता ग्रेट डिव्हाइड बेसिनमधून जातो. इथे पडलेलं पाणी अटलांटिकलाही जात नाही आणि पॅसिफिकलाही नाही. जलविभाजक रेषा या खोऱ्याला दोन बाजूंनी वेढते, म्हणून ती ओलांडल्याचे फलक दोनदा लागतात. “मग पाणी जातं कुठे?” मुलगी. तिथेच मुरतं आणि वाफ होतं. पुढचे पन्नास मैल गाडीत याच विषयावर चर्चा होती.

जेवणाचं विचाराल, तर स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्या. साध्या खोलीत कुकर लावायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. भाजणी, मेतकूट आणि दडपे पोहे यांवर आमचं छान भागलं. नेब्रास्का-वायोमिंगमध्ये ट्रकचालकांसाठी चालवलेले पंजाबी ढाबे लागतात. गरम पोळी आणि डाळ समोर आल्यावर सासूबाईंचा थकवा पळाला.

युटात वेंडोव्हरच्या अलीकडे बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्सच्या विश्रांतिस्थळावर उतरून मिठावर चाला. गॉगल मुलांनाही हवाच. दुपारी बारा ते तीन टाळा, सावली नावालाही नाही. वेस्ट वेंडोव्हर नेवाडात असूनही घड्याळ माउंटन वेळेचं पाळतं. तासाचा फरक त्या गावाच्या पुढे पश्चिमेला गेल्यावर पडतो.

नेवाडात रस्ता बराच काळ हम्बोल्ट नदीच्या काठाने जातो. १८४०च्या दशकात बैलगाड्यांनी कॅलिफोर्नियाला निघालेली कुटुंबं हीच नदी धरून चालली, आणि लव्हलॉकच्या पुढे ती वाळवंटात जिरून जाते. त्यांना या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. ट्रकीजवळच्या डॉनर मेमोरियल स्टेट पार्कमध्ये १८४६-४७च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या आणि उपासमारीत माणसं गमावलेल्या डॉनर तांड्याचं स्मारक आहे. त्याचा चौथरा २२ फूट उंच, त्या हिवाळ्यातल्या बर्फाएवढा. त्या तांड्यातही लहान मुलं होती, आज्या होत्या. आम्ही सगळे त्या चौथऱ्यापाशी मान वर करून बराच वेळ उभे होतो. मुलांना सगळी हकीकत सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही अर्धीच सांगितली.

ट्रकीजवळ कृषी तपासणी नाका लागतो. फळं, झाडं काय आहे ते विचारतात, खरं ते सांगा. उरलेली फळं रीनोतच संपवा.

पोहोचल्यावर मुदती चालू होतात. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत लायसन्ससाठी अर्ज आणि २० दिवसांत गाडीची नोंदणी करायची असते. डीएमव्हीची (लायसन्स आणि गाडी-नोंदणीच्या कार्यालयाची) भेट निघण्याआधीच ठरवून टाका. गाडी ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली असेल आणि कॅलिफोर्नियाच्या उत्सर्जन मानकांची नसेल तर तिची नोंदणी सहसा होत नाही, म्हणून निघण्याच्या तोंडावर नवी गाडी घेऊ नका. बॉनेटखालचं लेबल आधी वाचा. नागरिक नसलेल्यांनी पत्ता बदलल्याचं १० दिवसांत यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याला एआर-११ या फॉर्मने कळवायचं असतं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) असेल आणि नोकरी तीच ठेवून शहर बदलत असाल, तर नव्या ठिकाणी कामाला लागण्यापूर्वी कंपनीने सुधारित अर्ज भरायला हवा. हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या, मगच मूव्हर्सना आगाऊ रक्कम द्या.