तीनातली कुठली सोडायची? जुन्या ब्रनो रायफलींची पारख: माझा अनुभव

२०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि सामान्य लायसन्सवर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली. वारसाहक्काने माझ्याकडे येणारी शस्त्रे तीन होती: एक दुनळी बाराबोर, ब्रनो या चेकोस्लोव्हाकियाच्या कंपनीची एक पॉइंट टू टू (.22) रायफल आणि एक ब्रनो झेडकेके ६००, थर्टी-ओ-सिक्स (.30-06) बोरची. लायसन्सदार वारल्यावर शस्त्रे लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागतात. त्यामुळे सगळी तपासणी गन हाउसच्या काउंटरवर, दुकानदारासमोरच केली.

शस्त्रांची खासगी आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास थांबली. त्यामुळे त्याआधी आलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या रायफली आपल्याकडे आजही मागून घेतल्या जातात. झेडकेकेमधला झेड झ्ब्रोयोव्का कारखान्याचा, पहिला के कोउत्स्की या डिझायनर भावांचा आणि शेवटचा के कुलोव्नित्से, म्हणजे रायफलीचा.

पहिले काम कागदाचे. नळीवरचा आणि रिसीव्हरवरचा (नळीमागच्या लोखंडी सांगाड्यावरचा) नंबर भिंगाखाली वाचून लायसन्सशी आणि यूआयएनच्या, म्हणजे लायसन्सदाराच्या ओळख क्रमांकाच्या, नोंदीशी ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित नोंदींत ३ चा ८ किंवा १ चा ७ सहज होतो. तेवढ्यावर हस्तांतर अडते आणि मग रायफल कितीही चांगली असली तरी गिऱ्हाईक हात लावत नाही. बोल्टवर (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या दांड्यावर) अंक कोरलेले असतील तर तेही जुळायला हवेत. जुळले नाहीत, तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे असे धरून चालावे आणि आर्मोररकडून, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडून, हेडस्पेस गेजने (बोल्ट आणि काडतूस यांतले अंतर मोजायच्या मापाने) तपासून घेईपर्यंत एकही राउंड चालवू नये. नळीवर प्रूफचा (सरकारी चाचणीच्या शिक्क्याचा) छोटा सिंह आणि जवळ वर्षाचे शेवटचे दोन अंक सापडले की वय कळते, विकणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही.

नंतर नळी. मॅगझिन काढले, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्याने आणि करंगळीने रिकामे असल्याची खात्री केली, बोल्ट बाहेर घेतला. चेंबरच्या बाजूला पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारली आणि तोंडाकडून पाहिले. पण तेल भरलेली नळी नेहमीच चकचकीत दिसते, म्हणून आधी कोरडी चिंधी फिरवून घ्यावी. पॉइंट टू टूच्या नळीत राखाडी पट्टे दिसले. ते शिसे होते, ब्राँझच्या ब्रशने निघाले. गंजाचे खड्डे मात्र निघत नाहीत. घट्ट चिंधी सळईवर सावकाश ढकलताना एखाद्या जागी हात अचानक हलका झाला, आणि आत तिथेच काळी कडी दिसली, तर नळी फुगलेली आहे: अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडल्याची खूण. अशा नळीला किंमत नाही.

पॉइंट टू टूमध्ये आणखी दोन जागा बघाव्यात. रिकामी रायफल वारंवार झाडली असेल तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे खाच पडते आणि काडतूस निघताना अडते. दुसरी जागा नळीच्या तोंडाची कड. लोखंडी सळई वर्षानुवर्षे तोंडातून घातली की ती एका बाजूने झिजते. नळी आतून सुंदर असली तरी नेम मग एकत्र पडत नाही.

झेडकेकेची खरी गंमत मागच्या पुलात, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या आडव्या भागात आहे. सुरुवातीच्या रायफलींत तिथे उभा राहणारा पीप साइट (छिद्रातून नेम धरायचे साधन) बसवलेला असे, नंतरच्या उत्पादनात तो गेला. बऱ्याच जुन्या रायफलींत तो काढून टाकलेला किंवा जाम असतो. या रायफलीत तो होता, नखाने दाबल्यावर टक् करून उभा राहिला. संग्राहक यासाठीच वेगळे पैसे मोजतो. रिसीव्हरवर स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवण्यासाठी १९ मिमीचा डव्हटेल, म्हणजे तिरप्या कडांची पट्टी, मुळातच असतो. तरीही कोणी परक्या माउंटसाठी भोके पाडली असतील तर किंमत उतरते, मग ती कितीही सफाईने बुजवलेली असोत.

नव्याने ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा रासायनिक थर) केलेली रायफल मी गंजाच्या बारीक ठिपक्यांच्या रायफलीपेक्षा खालची मानतो. ओळखायला सोपे: अक्षरांच्या कडा गोलावलेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा उतार, उन्हात जांभळट झाक. पॉलिशिंगमध्ये गेलेले लोखंड परत येत नाही. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत कोणीतरी हात घातलेला आहे, म्हणून आर्मोररला कुंदा, म्हणजे लाकडी दस्ता, उतरवायला सांगावे. पावसाळाभर कापडी कव्हरात ठेवलेल्या रायफलीचा गंज लाकडाच्या रेषेखालीच दडतो. टँगमागे (रिसीव्हरच्या मागच्या शेपटीमागे) केसासारखी चीर दिसली तर रिकॉइल लगची, म्हणजे झाडतानाचा धक्का लाकडावर घेणाऱ्या खुंटीची, बैठकही तपासावी. तिथला लाकडाचा आधार गेला की चीर वाढतच जाते.

बाराबोरच्या नळ्यांना सांध्यापाशी खेळ होता, फोरएंड (नळ्यांखालचे पुढचे लाकूड) काढून हलवल्यावर बोटाला जाणवला. सोडायची तीच ठरली आणि विक्रीसाठी दुकानातच ठेवली. दोन्ही ब्रनो घेताना मॅगझिन, बोल्टचा नंबर, पीप साइट आणि स्लिंगचे हुक जमा पावतीशी एकेक करून ताडले. पॉइंट टू टूचे दुसरे, पाच राउंडांचे मूळ मॅगझिन पावतीवर होते, काउंटरवर नव्हते. ते मागच्या कपाटातून शोधून आणेपर्यंत सही केली नाही.