दुसरा खंड काकूकडे आहे

ऑफिसातली एक मैत्रीण दर एप्रिलला विचारते, सुट्टीत वाचायला काहीतरी छान सांग ना, फॅमिलीबद्दलचं, नात्यांबद्दलचं, पण जड नको हां. आणि मी दर एप्रिलला तिला श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी सांगते. दोन जाडजूड खंड, खोतांच्या चार पिढ्या. ती म्हणते, अगं जड नको म्हटलं होतं. आता वजनाने जड आहे हे मान्य, पण जड म्हणजे ते नाही ना!

तिच्या डोक्यात चित्र असं की समुद्र, वाळू, आरामखुर्ची आणि हातात कादंबरी. आमच्या गुहागरला समुद्र घराच्या मागच्या दारी आहे, आगर संपलं की सुरूची झाडं आणि पुढे वाळूच, पण मे महिन्यात दुपारी त्या वाळूवर अनवाणी दहा पावलं चालून दाखवा मग बोलू. आमच्याकडे समुद्रावर पुस्तक घेऊन जाताना मी कुणाला बघितलेलं नाही. पुस्तक वाचायचं ते पडवीत नाहीतर माजघरात, थंड जमिनीवर पालथं पडून, लाईट गेलेले असताना. लाईट जातातच.

आणि एकट्याने वाचायचं हेही आमच्याकडे फारसं नाही. फणस फोडायला बसलं की सगळ्यांच्या हाताला खोबरेल आणि वर चीक, म्हणजे पानं उलटणार कोण? त्यामुळे जिचे हात कोरडे ती वाचणार आणि बाकीच्या गरे काढत ऐकणार असा नियमच होता. बहुतेक वेळा आत्या, कारण तिला चीक लागला की अंगावर पित्त उठायचं (असं ती म्हणायची, आईचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही). ‘गारंबीचा बापू’ मी असाच ऐकला, वाचला नंतर. १९५२ सालचं पुस्तक, पण बापू आणि राधेवरून आमच्या पडवीत दोन पार्ट्या पडलेल्या, म्हणजे जणू राधा पलीकडच्या आळीत राहते आणि उद्या विहिरीवर भेटणार आहे. आजीचं मत बापूच्या विरुद्ध. पण वाचन थांबलं की पहिली तीच म्हणायची, पुढे काय गो झालं?

‘रथचक्र’ला साहित्य अकादमी मिळालंय १९६३ ला, ते काही कुणाला माहीत नव्हतं. त्यातल्या बाईला पुस्तकभर नाव नाही, नुसती ‘ती’. मी तेव्हा नववीत, अगदी मराठीच्या बाईंसारखं म्हटलं की लेखकाने नाव का बरं दिलं नसेल? काकू गरे सोलता सोलता म्हणाली, “मला तरी या घरात कोण नावाने हाक मारतंय?” यावर कुणीच काही बोललं नाही, आत्याने पान उलटलं.

ही काकू म्हणजे भिंतीपलीकडची. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या आणि ओटीच्या मधोमध चिऱ्याची भिंत आली. माड मोजले, पोफळी मोजल्या, पितळेचे हंडे ताजव्यात घालून वाटले, एका पाटा-वरवंट्यावरून दोन दिवस अबोला. पुस्तकांचं कपाट मात्र कुणी मागितलंच नाही म्हणून आमच्याकडे राहिलं. फक्त ‘तुंबाडचे खोत’चा दुसरा खंड त्यावेळी काका वाचत होते, तो त्यांच्याकडेच राहिला. जमिनीवरून भाऊबंदांची भांडणं असलेल्या पुस्तकाची अशी भाऊबंदांत वाटणी व्हावी, हे मी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते काहीतरीच जुळवलंय.

पुढे बरीच वर्षं बाबा आणि काका बोलत नव्हते. पण मे महिना आला की मुंबईहून कुणीतरी पाहुणा यायचा, तो पहिला खंड संपवायचा आणि मग दुसऱ्यासाठी मला पलीकडे पाठवायचे. आता भांडं रिकामं परत करायचं नसतं हे ठीक आहे, पण आमच्याकडे पुस्तकही रिकामं जायचं नाही. सोबत वाटीभर आमसुलाचं सार, नाहीतर आंब्याच्या साठाची, म्हणजे आंबापोळीची, वळकटी. तिकडून खंड दुसरा आणि वर दोन खोबऱ्याच्या वड्या. बाबा वडी खायचे, कुणाकडून आली ते विचारायचे नाहीत. दोन्ही खंडांवर तेलाचे, आंब्याचे डाग आहेत, एका पानावर तर चक्क कोयीचा केस चिकटलाय.

सुट्टीतली कादंबरी म्हणून मला अशीच आवडते. शेवटच्या प्रकरणात सगळे एका टेबलाशी जेवायला बसतात, एकमेकांना सॉरी म्हणतात आणि बाहेर पाऊस पडतो, असली पुस्तकं मी पण वाचते, खोटं कशाला बोलू, पण आठवड्यात विसरते. दोघंच माणसं फ्लॅटमध्ये बसून आपापल्या मनात दीडशे पानं बोलतायत, ते तर मे महिन्यात नकोच, ते पावसाळ्यात ठीक आहे. उन्हाळ्यात कसं, घर भरलेलं हवं. चुलते, आत्या, कुणीतरी पळून गेलेला, कुणाचा तरी दावा चालू, आणि कोण कुणाचा कोण लागतो ते कळायला चार पानं मागे जावं लागलं पाहिजे. दुसऱ्यांची भाऊबंदकी वाचताना कसं निवांत वाटतं, तारखेला कोर्टात आपल्याला जायचं नसतं.

खेडला भरणे नाक्याजवळ जगबुडीचा पूल लागतो, तिथे मी अजून खिडकीतून वाकून बघते, कारण खोतांचं तुंबाड या जगबुडीच्याच काठचं. वाकून काही दिसत नाही, मे महिन्यात थोडं पाणी आणि बरेच दगड.

दोन वर्षांपूर्वी मी मुंबईत दोन्ही खंडांचा नवा कोरा सेट घेतला. शेल्फवर फार छान दिसतो. मैत्रिणीला तोच दिला वाचायला, तिने पन्नास पानांनंतर फोन करून विचारलं की यातला हा नक्की कुणाचा मुलगा? म्हटलं चला, लागली ही.

काका आता नाहीत, बाबांचे गुडघे गेलेत, भिंत आहे तशीच आहे, फक्त तिच्यात मधे एक दार पाडलंय कारण काकूला वळसा घालून यायला जमत नाही. परवा पोचले, बॅग ठेवतेय तोच दारातून हाक.

“आलीस का गो? पहिला खंड दे बघू. दुसरा काढला होता परत, पण कोण कुणाचा ते विसरल्ये मी. आणि येताना डबा घेऊन ये, फणसाची भाजी केल्ये.”