निळाईला हात लावू नका

इंदुरात कुणाला जुनं पिस्तूल दाखवलं की सल्ला ठरलेला: "एकदा पॉलिश मारून घ्या, नव्यासारखं दिसेल." माझ्याकडच्या कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या पिस्तुलाबद्दल हे मी लायसन शाखेच्या बाकावर ऐकलंय, रेंजवर ऐकलंय, एका लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण माळव्यात आणि तिकडे ग्वाल्हेरकडे जुन्या घरांच्या कपाटांत अशी कितीतरी सुरेख हत्यारं पडून आहेत, आणि त्यांतली बरीचशी या एका सल्ल्यापायी पोलादावरची मूळ निळी झळाळी, म्हणजे निळाई, गमावून कायमची बिघडतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पीथमपूरच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवणाऱ्या विभागात, नोकरी केली. डाय, पंच, जिग, फिक्स्चर यांत हयात गेली. त्यामुळे पिस्तुलाकडे मी फिटरच्या नजरेने बघतो. शिकार मी कधी केली नाही, करायचीही नाही. मला ओढ आहे ती पोलादाची, आणि ज्यांनी ते घासलं त्या हातांची.

माझं पिस्तूल कोल्टचं 1903 मॉडेल, .32 बोअर (नळीच्या भोकाचं माप), अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कारखान्यात बनलेलं. रचना जॉन ब्राउनिंगची. हे मॉडेल 1903 पासून 1945 पर्यंत बनत राहिलं आणि साडेपाच लाखांहून जास्त नग बाहेर पडले. नंबरावरून माझं 1920च्या आसपासचं ठरतं. नळी पावणेचार इंच, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, रिकाम्याचं वजन पाऊण किलोच्या आत.

ते आलं आमच्या लोकमान्यनगरातल्या एका काकांकडून. त्यांच्या लायसनवर एक बारा बोअरची दुनळी, एक .315 रायफल आणि हे, अशी तीन हत्यारं होती. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. तिसरं वर्षभरात जमा तरी करा नाहीतर काढून तरी टाका. काकांची बोटं संधिवाताने धरली होती, स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढवत नव्हती, म्हणून त्यांनी पिस्तूल काढायचं ठरवलं. 1980च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, तेव्हापासून या मालाच्या किमती लाखांत गेल्यात. माझ्या ऐपतीपलीकडचे आकडे घेऊन लोक त्यांच्या दारी येऊन गेले होते. तरी त्यांनी मलाच बोलावलं.

"तुला देतो, पण दोन गोष्टी ऐक," ते म्हणाले. "लग्नाबिग्नात मिरवायचं नाही. आणि याला कानस लावायची नाही."

"काका, कानस कुठे लावायची नाही हेच तर शिकलो इतकी वर्षं," मी म्हटलं.

कायद्याप्रमाणे आधी लेखी कळवायचं, 45 दिवस थांबायचं, मग व्यवहार, मग लायसनवर नोंद. त्यात ते साल टाळेबंदीचं. पण शेवटी सगळं रीतसर झालं.

आता मुद्द्याचं. स्लाइड पोलादाच्या एका घडीव ठोकळ्यातून कोरून काढलेली आहे. तेव्हा संगणकावर चालणारं सीएनसी नव्हतं, वायर कट नव्हतं. पट्ट्यावर चालणाऱ्या मिलिंग मशिनी, प्रत्येक कापाला काम पकडून धरणारं वेगळं फिक्स्चर, आणि शेवटी बाकावर बसलेला माणूस. स्लाइड फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, चढवून आडवी हलवून बघितली तर खडखड नाही, आणि पुढेमागे सरकवली तर कुठे अडत नाही. अशी स्लाइडिंग फिट नव्या पोरांकडून करून घेताना माझा घसा बसायचा. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत ती अजून टिकून आहे.

खोलायला पेचकस लागत नाही. मॅगझिन काढायचं, चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं काडतूस बसायचं घर, डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, स्लाइड थोडी मागे घेऊन तिच्यावरची खूण फ्रेमच्या टोकाशी जुळवायची, आणि नळी तोंडाशी धरून पाव फेरा फिरवायची. नळीच्या पोटाला आडव्या कंगोऱ्या आहेत, त्या फ्रेममधल्या खाचांतून सुटतात आणि स्लाइड नळीसकट पुढे निघून येते. स्प्रिंग हातात. अख्ख्या पिस्तुलात स्क्रू म्हणाल तर दस्त्याच्या पट्ट्यांपुरते. पहिल्यांदा खोललं तेव्हा मी बराच वेळ त्या कंगोऱ्याच न्याहाळत बसलो होतो. इतकी पक्की पकड, आणि सोडायला दोन बोटं पुरतात.

घोडा, म्हणजे बार उडवणारा हातोडा, आहे, पण दिसत नाही. तो स्लाइडच्या मागच्या टोकाखाली झाकलाय, खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून. मग घोडा चढलाय की नाही हे कळायचं कसं? ब्राउनिंगने तेही बघितलंय: अंगठ्याजवळचा सेफ्टीचा खटका घोडा चढलेला असेल तरच वर जातो. मुठीच्या पाठीला दुसरी सेफ्टी आहे, मूठ नीट आवळल्याशिवाय चाप कामच करत नाही. एक गोष्ट मात्र या मॉडेलच्या प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावी. मॅगझिन काढल्यावर चाप बंद करणारी सोय कोल्टने यात 1926 पासून घातली. माझ्यासारख्या त्याआधीच्या नगात मॅगझिन बाहेर असलं तरी चेंबरमधली गोळी सुटू शकते. म्हणून चेंबर बघितल्याशिवाय मी ते कुणाच्या हातात देत नाही, आणि कुणाकडून घेतही नाही.

चालतं ते साध्या तत्त्वावर. गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची, स्लाइड तिच्या कित्येक पट जड. बार झाला की गोळी पुढे सुटते आणि तोच रेटा स्लाइडला मागे ढकलतो. पण जडपणामुळे आणि स्प्रिंगमुळे स्लाइड इतकी सावकाश हलते की ती उघडेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. मागे जाताना रिकामं खोकं बाहेर, घोडा वर. पुढे येताना नवी गोळी आत. आणि एक चिमुकला तुकडा, डिस्कनेक्टर, बोट सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरा बार होऊ देत नाही. 9 मिलिमीटर पॅराबेलम हे काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या मापांत, मोडतं, त्यामुळे सामान्य लायसनवाल्याचं पिस्तूल म्हणजे .32 हे समीकरण झालंय. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं देशी पिस्तूलही याच बोअरचं, आणि काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर केएफ असा ठसा असलेली. हार्टफर्डच्या चेंबरात खडकीचं काडतूस बिनबोभाट बसतं, याचा मला दर वेळी आनंद होतो. रेंजवर झटका मऊ लागतो. नेम धरायची पुढची माशी फारच बारीक आहे, माझ्या वयाच्या डोळ्यांना ती शोधावी लागते. पण एकदा सापडली की कागदावर गोळ्या जवळजवळ पडतात.

आता पॉलिश. ज्याला आपण ब्लूइंग म्हणतो तो वरून दिलेला रंग नाही. पोलादाच्याच पृष्ठभागावर तयार झालेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आहे तो. त्याला स्वतःची अशी चमक नसते. चमक खालच्या घासलेल्या पोलादाची. म्हणजे जुन्या कोल्टची ती खोल निळाई खरी पॉलिशवाल्या कारागिराची आहे. सपाट भाग सपाट ठेवायचा, कड कडच ठेवायची, आणि तरी आरशासारखं घासायचं, हे फार अवघड काम. आमच्या टूलरूममध्ये साच्याला आरसा आणणारा एखादाच असायचा आणि त्याला दुसरं काम कुणी सांगत नसे.

आता हे पिस्तूल बाजारातल्या बफिंग व्हीलवर धरलं की काय होतं? मऊ चाक कडेवरून घसरतं आणि कड गोल करतं. भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. स्लाइडवर पेटंटच्या तारखा कोरल्यात, 20 एप्रिल 1897 आणि 22 डिसेंबर 1903. त्या अक्षरांच्या कडा झिजून बुजतात. मागाहून गरम कॉस्टिकच्या टाकीत बुडवून काळंभोर ब्लूइंग करतात, ते जुन्या निळाईशी कधीच जुळत नाही. आमच्याकडे तर निकेलची हौस फार! एक अप्रतिम पिस्तूल मी नळाच्या तोटीसारखं लखलखताना पाहिलंय आणि खरंच पोटात कालवलं.

पॉलिश झालंय की नाही हे ओळखायला सोपी युक्ती सांगतो. स्लाइड ट्यूबलाइटखाली धरा आणि तिच्या सपाट बाजूत ट्यूबचं प्रतिबिंब बघत हळूहळू तिरपी करा. मूळ पृष्ठभाग असेल तर प्रकाशाची रेघ सरळ सरकते. बफ मारलेला असेल तर ती लाटेसारखी वाकते. साचे तपासताना आम्ही हेच करायचो.

माझ्या पिस्तुलाची निळाई स्लाइडच्या तोंडाशी म्यानाने उडालीय आणि मुठीच्या पुढच्या बाजूला करडी पडलीय. तसंच राहू दे. चेंबरपुढे नळीत बारीक टोचे आहेत, जुन्या काडतुसांच्या क्षाराचे. तेही राहू देत. मी करतो ते एवढंच: रेंजवरून आल्यावर नळी साफ, सगळीकडे तेलाचा पुसट हात, घामाचं बोट कुठे राहिलं तर ते पुसून टाकायचं. चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. दस्त्याच्या पट्ट्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, आहेत, त्या उन्हाने तपकिरी पडतात, म्हणून तेल आणि ऊन दोन्हीपासून लांब. पिस्तूल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, दोन्ही कुलपात. निवडणूक आली की हत्यार जमा करावं लागतं, तेव्हा टूलरूममध्ये मापं तपासायची गेज गुंडाळायला वापरायचो त्याच गंजरोधक कागदात बांधून देतो.

मध्यंतरी रामबागेतले एक गृहस्थ आपल्या वडिलांचं .32 वेब्ली घेऊन आले. पॉलिशवाल्याकडे निघाले होते, वाटेत कुणीतरी माझं नाव सांगितलं. स्लाइडवर लाल गंजाचे डाग होते, बाकी निळाई शाबूत. पिस्तूल रिकामं करून बघितलं, मग डागांवर पातळ तेल सोडून त्यांना ते तसंच दोन दिवस घरी कुलपात ठेवायला सांगितलं. पुन्हा आले तेव्हा तांब्याच्या जुन्या पैशाची कड घेऊन डाग हलक्या हाताने खरवडले. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पोलादाला ओरखडा जात नाही. तेल पुसलं की कापडावर तांबूस घाण येते. पुन्हा तेल, पुन्हा पैसा. संध्याकाळपर्यंत लाल सगळं गेलं. डागांखाली बारीक टोचे राहिले, पण भोवतीची निळाई जागच्या जागी होती आणि ट्यूबलाइटची रेघ सरळ होती. तो पैसा मी त्यांनाच देऊन टाकला.