ज्वारीची जनुकं, तीन नावं आणि एका ओळीचं उत्तर

रब्बी ज्वारीला दाणे भरताना पाणी तुटतं. तरी ताट हिरवं ठेवणारे गुणसूत्रांवरचे चार पट्टे ठाऊक आहेत, एसटीजी १ ते ४. त्यांत कोणती जनुकं आहेत आणि त्यांची प्रथिनं काय करतात, एवढंच मला परभणीत बसून शोधायचं होतं. जनुकांची यादी एका संस्थेच्या एक्सेलमध्ये, त्यांच्या जागा एन्सेम्बल प्लांट्स या वनस्पतींच्या जनुकांच्या साठ्यात, प्रथिनं युनिप्रॉट या प्रथिनांच्या साठ्यात. सगळं आरडीएफमध्ये, म्हणजे 'कोण–संबंध–काय' अशा तीन भागांच्या विधानांत (तिकड्यांत) आणलं, की स्पार्कल या प्रश्नभाषेने एकत्र विचारता येतं. त्यासाठीचा फ्युसेकी हा सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर चालला, युनिप्रॉटच्या दूरच्या सर्व्हरला तर त्याच प्रश्नात 'सर्व्हिस' लिहून विचारता आलं.

अडलं ते नावांपाशी. ज्वारीचा जिनोम, म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनएचा क्रम, २००९ मध्ये आला, बीटीएक्स ६२३ या वाणाचा. तेव्हा जनुकांची नावं 'एसबी'ने सुरू व्हायची. पुढच्या आवृत्तीत ती 'सॉबिक' झाली. एन्सेम्बलमध्ये 'सॉर्बी'. शेवटच्या दोघांचं जमतं, पण जुन्या यादीतली काही जनुकं नंतर फुटली, काही एकत्र झाली, काही गळली. म्हणून यादी कोणत्या आवृत्तीची हे कळल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, आणि त्या एक्सेलमध्ये तेच लिहिलेलं नव्हतं.

संस्थेला मेल केला. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आणा, म्हणाले. पत्र नेलं, तर साहेब दौऱ्यावर. पोच मागितली, तर आवक नोंदवणारे रजेवर. शेवटी उत्तर आलं ते त्याच तक्त्याची पीडीएफ! सरकारी पैशातून झालेलं काम, आणि एक आवृत्ती क्रमांक सांगायला एवढी अडवणूक? अजून संताप होतो. अखेर तिथल्याच एका संशोधक ताईंनी फोनवर सांगितलं, "२००९ चीच आहे गं."

मग जुन्या-नव्या नावांचा तक्ता लावला. इथे दोन नावं जोडायला 'सेमॲज' ('दोन्ही एकच' सांगणारा संबंध) वापरू नका. एका जुन्या जनुकाची दोन झाली असतील, तर त्या संबंधाने ती दोन्ही एकच ठरतात. स्कॉस या शब्दसंग्रहातलं 'क्लोजमॅच' ('जवळपास तेच') घ्या. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: जनुकांच्या जागा सांगणाऱ्या फाइलींपैकी जीएफएफ एकपासून मोजते, बेड शून्यापासून. पट्ट्याच्या टोकाशी हे नडतं.

यादी मिळाली, एसटीजी १ ची सगळ्यात आधी. प्रत्येक तिकडीला आवृत्ती जोडली आहे. ज्वारीवाल्यांपैकी कुणालाही हवी असेल तर नुसतं मागा, पत्र नको.