सीट हलत नाही? मोटर मागवण्याआधी मीटर काढा

पॉवर सीट, म्हणजे गाडीतली बटणावर हलणारी सीट, बंद पडली की पहिला आळ मोटरवर येतो. पण एका सीटला तीन-चार मोटर असतात आणि त्या सगळ्या एकदम जळत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक बटण दाबून बघा. सगळंच बंद असेल तर फ्यूज, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) नाहीतर सीटखालचा मोठा कपलर (वायरी जोडणारा प्लग). एकच हालचाल बंद असेल तर तिचा स्विच, वायर किंवा मोटर.

सीट पुढे जाते पण मागे येत नाही? मग मोटर बहुधा चांगली आहे. साध्या, मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) नसलेल्या सीटमध्ये बटण न दाबता मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबलं की एकीला १२ व्होल्ट मिळतात आणि करंट दुसरीतून अर्थला परततो. त्यामुळे एकाच दिशेने चालणं म्हणजे स्विचमधला एखादा पॉइंट जळालेला.

रात्री आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर करंट जातोय, पण काहीतरी अडकलंय. सीट ज्यावर सरकते त्या रेलमध्ये पेन, नाणं शोधा. मोटरचा आवाज येतो पण सीट जागची हलत नाही, तेव्हा गिअर किंवा केबल गेलेली. काही गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप जोडला जाणारा सर्किट ब्रेकर असतो. सीट थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालते, ती बऱ्याचदा त्याच्यामुळे. अशा वेळी लोड का वाढतोय ते बघा.

आता मीटर, म्हणजे मल्टिमीटर. कपलर काढून नुसते १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका; वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ दाखवतो. त्या जागी २१ वॅटचा बल्ब लावा. तो मंद पेटला तर दोष सप्लायमध्ये किंवा अर्थमध्ये. नेमका कुठे ते कळायला कपलर जोडून, बटण दाबलेलं ठेवून, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून मोटरच्या अर्थकडच्या वायरीपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थची बाजू खराब. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या सप्लायच्या वायरीपर्यंतही तसंच. पावसाळ्यात मॅटखाली पाणी मुरतं आणि कपलरच्या पिना हिरव्या पडतात, तिथे आधी बघा. सीट सरकताना वायरिंग रेलच्या कडेला घासतं, तिथलं आवरणही तपासा.

पिवळ्या कपलरला मीटर लावू नका, तो एअरबॅगचा. सीट काढायची असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह सोडून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा. हा पिवळा कपलर सुटा असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बिघाडाचा कोड पुसेपर्यंत तसाच राहू शकतो.

सीट पूर्ण पुढे अडकली की पुढचे बोल्ट झाकले जातात. मोटरचा कपलर काढा आणि १५ अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. उलटी सरकली तर वायरींची अदलाबदल करा. कपलर न काढता मात्र देऊ नका, मेमरीवाल्या (जागा लक्षात ठेवणाऱ्या) सीटचं मॉड्यूल जळू शकतं.