फाल्गुनातला गौताळा: आधी पाणी शोधा

होळीच्या आदल्या रविवारी चुलतभावाला घेऊन गौताळ्याला गेलो. छत्रपती संभाजीनगरहून पहाटे साडेपाचला निघून धुळ्याच्या रस्त्यानं कन्नड गाठलं, चहा घेतला, सातच्या सुमारास गेटवर नोंद करून आत शिरलो. २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८६ सालचं. फुलपाखरांसाठी बहुतेक जण इथं पावसाळा सरतासरता येतात, तेव्हा ती भरपूर असतात. मला मात्र पानगळीनंतरची, नव्यानं बाहेर पडलेली, पंखावर ओरखडाही नसलेली बघायची होती.

पहिले दोन तास वाया गेले. पळस पेटला होता, म्हणून प्रत्येक पळसाखाली थांबत गेलो. वर शिंजीर आणि साळुंक्या. फुलपाखरू म्हणाल तर कळ्यांभोवती फिरणारं एखादं पी ब्लू. कळीत अंडी घालायला येतं ते, पण इतक्या उंचावर की फोटोत नुसता ठिपका दिसावा.

शेवटी शेळ्या घेऊन आलेले एक बाबा म्हणाले, "दादा, झाडाकडं काय बघता? वढ्यात अजून वल हाय, तिकडं जा. पाखरं पाण्यालाच येत्यात."

ओढ्याचं पात्र कोरडंठाक होतं. एका वळणावर तेवढी परातीएवढी ओली वाळू, आणि तिच्यावर पंख मिटून कॉमन एमिग्रंट आणि ग्रास यलो ही वीसेक फुलपाखरं दाटीनं बसलेली. बहुतेक नरच असतात हे. ओल्या मातीतले क्षार शोषायला येतात. आम्ही सहा-सात हात अंतरावर पोटावर पालथे झालो आणि पुढचा दीड तास हललो नाही. त्या दीड तासात व्हाइट ऑरेंज टिप आली, बॅरोनेट जमिनीलगत विटकरी पंख पसरून बसलं, आणि अगदी शेजारच्या पाचोळ्यात पीकॉक पॅन्सी उतरली. ही पावसाळ्यातही दिसते, पण तेव्हा तिच्या पंखाच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात. कोरड्या दिवसांतलीला ते जवळजवळ नसतातच. पंखाचं टोक आकड्यासारखं वळलेलं, मधून देठाची रेघ, हुबेहूब वाळकं पान. तिनं पंख मिटले आणि भाऊ विचारू लागला, "गेली का?" ती तिथंच होती.

जाणार असाल तर साडेआठच्या आत ओल्या जागेजवळ पोचा. सकाळी अंग तापेपर्यंत फुलपाखरं पंख उघडून उन्हाला बसतात, तेवढ्यातच वरच्या बाजूचा फोटो मिळतो. अकरानंतर ती एका जागी ठरत नाहीत. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, सावली सरकली की उडालीच. मी १०० मिमीची मॅक्रो लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि शटर १/८०० सेकंद ठेवलं होतं. कॅमेरा पंखाला समांतर धरला तरच दोन्ही टोकं शार्प येतात. मोबाइल असेल तर दुरून टिपा, मग एकेक वीत पुढं सरका. ओळख पटवायला वरची आणि खालची, दोन्ही बाजू हव्यात. पाणी माणशी तीन लिटर घ्या, मार्चातलं ऊन सोपं नाही.

परतताना रस्त्याकडेच्या रुईपाशी थांबलोच. तिथं बिबळ्या कडवा (प्लेन टायगर फुलपाखरू) होता. निदान आधी तसं वाटलं. डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते, म्हणून मागचा पंख बघायचा. मध्यावर तीन-चार काळे ठिपके असले तर कडवा, वरच्या कडेला एकच असला तर एगफ्लाय. ठिपके मोजले, कडवाच निघाला. मादी होती. एकेका पानावर उतरून पायांनी चव घेत होती, मग पोट वाकवून पानाच्या खाली एकच पांढुरकं अंडं चिकटवलं, मोहरीहून बारीक. पान न तोडता, खालून मोबाइल धरून त्याचा फोटो काढला. दिवसभरातला सगळ्यात चांगला फोटो तोच आहे.