‘मणक्यात गॅप आलाय’ या एका वाक्याने माझे पाच महिने खाल्ले

कंबरदुखीला तीन महिने होऊन गेले तेव्हा एक्स-रे काढला. काढणं, रिपोर्ट हातात येणं सगळं एका दिवसात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलं ते रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले तिथे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, अर्धा मिनिट बघितली आणि म्हणाले, "मणक्यात गॅप आलाय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही, पट्टा लावा." मी विचारलं बरं कधी होईल, तर म्हणे "झीज आहे, ती काय भरून येत नसते." पाठीला हातसुद्धा लावला नाही. बाहेर आले तेव्हा पाय कापत होते माझे.

पुढचे पाच महिने मी त्या गॅपला धरून जगले. बुटाची लेस बांधायला मुलाला बोलवायचं, बादली दुसऱ्याने उचलायची, धाकटी चार वर्षांची हात वर करून उभी राहायची आणि मी तिला नाही म्हणायचे. पट्टा फक्त झोपताना निघायचा. शिंक आली तरी वाटायचं आता मणका सरकणार. आणि दुखणं कमी झालं का, तर नाही, वाढलं, आधी फक्त सकाळी दुखायचं ते दिवसभर दुखायला लागलं, आणि दुखलं की वाटायचं गॅप वाढला असणार, म्हणून आणखी कमी हलायचं. ज्याला सांगावं तो म्हणणार, हो हो, माझ्या काकूंना पण गॅप आहे. रात्री रिपोर्ट काढून वाचायचे. एल फाइव्ह-एस वनला (म्हणजे कमरेचा सगळ्यात खालचा मणका आणि त्याच्या खालचं हाड यांच्यामध्ये) डिस्क स्पेस कमी, ऑस्टिओफाइट्स, लंबर लॉर्डोसिस कमी, डिजनरेटिव्ह चेंजेस म्हणजे झीज. एकेक शब्द नेटवर टाकायचा आणि आणखी घाबरायचं.

आता जे कळलंय ते कुणीतरी त्या दिवशी दोन मिनिटं सांगायला हवं होतं. दोन मणक्यांमध्ये जागा असतेच, असायलाच हवी, तिथे चकती म्हणजे डिस्क बसलेली असते. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, डिस्क दिसत नाही, म्हणून तिथे काळी फट दिसते. माझ्या रिपोर्टमध्ये ती फट कमी झालीय असं लिहिलं होतं. म्हणजे ‘गॅप आलाय’ हे शब्दशः उलटं आहे! आणि ऑस्टिओफाइट म्हणजे हाडाच्या कडेला वाढलेलं टोक, वय वाढतं तसं बहुतेकांना येतं. लॉर्डोसिस म्हणजे कमरेचा नैसर्गिक बाक, तो स्नायू आखडले असले किंवा एक्स-रे काढताना जसे झोपलो असू त्यानेही कमी दिसू शकतो. रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड’ असं असतं ना, ती ओळ नीट वाचा. फिल्ममध्ये दिसलेलं पेशंटला तपासून ताडून बघा असं त्यात सांगितलेलं असतं, आणि माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे दादाने ओढून नेलं. त्यांनी फिल्म बाजूलाच ठेवली. आधी विचारलं, ताप येतो का, वजन आपोआप कमी झालंय का, कधी कॅन्सर झाला होता का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, लघवी-संडासवर ताबा आहे ना. मग झोपवून पाय सरळ उचलून बघितला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्याला हातोडी मारली. आणि मग विचारलं, जुना एक्स-रे आहे का?

होता! सहा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले होते तेव्हाचा, कपाटावरच्या पिशवीत. (जुन्या फिल्म टाकू नका, हे आधीच सांगायला हवं होतं.) दोन्ही शेजारी लावल्या तर एल फाइव्ह-एस वनची जागा तेव्हाही तितकीच कमी. ते पडल्याचं दुखणं दहा दिवसांत गेलं होतं, नंतर सहा वर्षं कंबर एकदाही दुखली नाही. त्या खुर्चीत बसून मी रडले.

मग त्यांनी आकडे सांगितले, मी नंतर स्वतः वाचून खात्री केली. 2015 साली एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3110 लोकांचे सीटी आणि एमआरआय एकत्र बघितले होते. डिस्कची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत, चाळिशीत 68, ऐंशीला 96 टक्के. मी त्रेचाळीसची आहे. निव्वळ एक्स-रेवरचा आढावा 1997 चा, त्यात जागा कमी होणं आणि दुखणं यांचा थोडा संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरं होतं असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे संबंध शून्य असं मी म्हणत नाहीये, पण फिल्म बघून दुखणं ओळखता येत नाही. आणि 2001 चा ब्रिटनमधला अभ्यास वाचून तर मला माझंच वाचल्यासारखं वाटलं. किमान सहा आठवडे कंबर दुखणाऱ्या 421 लोकांपैकी ज्यांचा एक्स-रे काढला त्यांच्यात तीन महिन्यांनी दुखण्याची तक्रार जास्त होती, तरी पुढे तेच उपचारांवर जास्त समाधानी होते.

डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "यात जे दिसलंय त्यामुळेच मला दुखतंय हे तपासून कळलंय का?" मात्र लघवी अडकली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी व्हायला लागली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, तिथे थांबायचं नाही. मोठा मार लागला असेल, हाडं ठिसूळ असतील तर एक्स-रे हवाच. आणि बायकांनी, दिवस राहिल्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी सांगा, कमरेच्या एक्स-रेचं रेडिएशन छातीच्या एक्स-रेपेक्षा बरंच जास्त असतं.

मला रोज चालणं आणि हळूहळू वाढवत नेलेले व्यायाम दिले. पट्टा चौथ्या आठवड्यात सुटला. अजूनही फार वेळ बसलं की दुखतं, पण उठून चालले की उतरतं. धाकटीला सातव्या आठवड्यात उचललं, आधी सोफ्यावर उभी करून, मग जमिनीवरून.